संकेतस्थळाचे बिऱ्हाड

१९९० साली जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी ज्या संगणकावर जगातले पहिले संकेतस्थळ तयार केले, त्याच संगणकावरून ते इतरांना पाहावयास मिळत असे. ते यंत्र कोणी चुकून बंद करू नये, म्हणून त्यावर तांबड्या शाईने लिहिलेली चिठ्ठी डकविलेली होती. यंत्र थांबते, तर संकेतस्थळही दिसेनासे होते.

आज बहुतेक संकेतस्थळे घडतात एका ठिकाणी आणि नांदतात दुसऱ्या ठिकाणी. कर्ता आपल्या संगणकावर ती रचतो व अहोरात्र चालू असणाऱ्या दूरच्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, पाठवितो. पाठविण्याची एफटीपी ही रीत १९७१ साली अभय भूषण या भारतीय अभियंत्याने अमेरिकेत लिहून काढली. तिच्यात परवलीचा शब्दही उघडाच प्रवास करतो. म्हणून हल्ली मजकूर गुप्त करून नेणाऱ्या रीती वापरतात.

सामान पोहोचले, तरी बिऱ्हाड लागलेच असे नाही. विंडोज प्रणाली फाइलीच्या नावातील मोठ्या व लहान रोमन अक्षरांत सहसा भेद करीत नाही. बहुतेक सर्व्हरांवरील लिनक्स मात्र तो काटेकोरपणे करते. घरी रोज दिसणारे चित्र मग तेथे सापडतच नाही.

पत्त्याचा घोटाळा याहून मौजेचा! १२७.०.०.१ या पत्त्याचा अर्थ प्रत्येक संगणकापुरता ‘मी स्वतः’ असा होतो. ‘मी’ हा शब्द ज्याच्या तोंडी असेल त्याचाच होतो, तसाच हा पत्ता. तो एखाद्या दुव्यात राहून गेला, तर दूरच्या वाचकाचा संगणक आपल्याच दारावर थाप मारतो आणि आत कोणीच नसते. कर्त्याच्या घरी मात्र तोच दुवा सुरळीत चालतो. त्यामुळे चूक त्याला उमगत नाही.

सर्वांत जपावयाचे ते नोंदींचे कोठार. समजा, एका ग्रंथालयाचे संकेतस्थळ सुरू झाले आणि महिन्याभरात शंभर वाचकांनी त्यावर नावे नोंदविली. कर्त्याने घरी एका पानाची दुरुस्ती केली व घाईघाईने त्या पानासोबत घरचे जुने कोठारही सर्व्हरवर चढविले, तर त्या शंभरही नोंदी क्षणात नाहीशा होतात. म्हणून जाणते लोक पाने घरून सर्व्हरकडे नेतात, नोंदी मात्र सर्व्हरवरून घरी आणतात. आणि कशालाही हात लावण्यापूर्वी तेथील कोठाराची एक प्रत निराळी काढून ठेवतात.