नळाची वाट आणि मनाचा ताण

कुंडलिका नदीच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवा. जायकवाडी धरणाचं पाणी पैठणहून जलवाहिनीने येतं, तरी शहरात नळाला रोज पाणी येण्याची सवय नाही. २०१२-१३च्या दुष्काळात तर टँकरवर भिस्त होती. माझ्या मते इथल्या ताणाचं मूळ टंचाईइतकंच अनिश्चिततेत आहे. १९७०च्या सुमारास जे वाइस या शास्त्रज्ञाने उंदरांना सारखेच विजेचे झटके दिले. ज्यांना आधी इशारा मिळे, त्यांच्या पोटात व्रण कमी झाले. संकट कधी येणार हे ठाऊक नसलं की शरीर सतत सावध राहतं. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढंच राहिलं तर झोप मोडते, रक्तदाब वाढतो. नळावरचा हा पहारा बहुधा घरातल्या बाईकडेच, कारण हंडे तिनेच भरायचे!

‘आमच्या आज्या विहिरीवरून पाणी शेंदत, त्यांना कुठला ताण?’ असं कुणी विचारेल. नव्हता असं कोण सांगणार? पण निदान विहिरीला वेळापत्रक नव्हतं. पहाटे जा नाहीतर तिन्हीसांजेला. ताण घालवायला प्राणायामाची शिबिरं जरूर भरवा. मात्र पाणी कधी सुटणार हे आदल्या दिवशी मोबाइलवर कळवणं आणि ती वेळ पाळणं, याला नवं धरण लागत नाही.