विस्कळित पृष्ठांपासून व्यवस्थित सारणीपर्यंत

बीड जिल्ह्याच्या परळी तालुक्यातील सिरसाळा हे गाव महाजालावर कोठे ‘सिरसाळा’, तर कोठे ‘शिरसाळा’ असे लिहिलेले आढळते. रोमन लिपीत लिहिताना तर ळ आणि ल यांतील भेदही उरत नाही. ग्रामनामांच्या अभ्यासकाला अशा पृष्ठांतून गाव, तालुका, जिल्हा, आढळलेले रूप आणि त्याचा आधार यांची सारणी हवी असते. प्रत्यक्षात हाती येते ते जाहिराती, अनुक्रमणिका आणि मजकूर यांचे कडबोळे.

हे सर्व काम एकाच लांबलचक आज्ञावलीकडून करून घेण्याचा मोह होतो. पण त्यात चूक कोठे झाली हे शोधणे दुरापास्त होते. म्हणून कामाचे स्वतंत्र टप्पे पाडावेत आणि प्रत्येक टप्प्याचे फलित जपून ठेवावे. पहिल्या टप्प्यात मूळ पृष्ठ, पत्ता व दिनांक यांसह, जसेच्या तसे साठवावे. दुसऱ्यात अक्षरांचे संकेतन ओळखावे. कारण युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या कित्येक मराठी पृष्ठांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले असत. तिसऱ्यात मुख्य मजकूर वेगळा करावा. ब्र्नो येथील मासारिक विद्यापीठात यान पोमिकालेक यांनी २०११ च्या सुमारास मांडलेल्या पद्धतीत परिच्छेदाची लांबी, त्यातील दुव्यांचे प्रमाण आणि ‘आहे’, ‘आणि’ यांसारख्या नित्याच्या शब्दांचे प्रमाण पाहिले जाते. चौथ्यात लेखनाचे एकरूपीकरण करावे आणि पाचव्यात सारणी भरावी.

भाषाभ्यासकाने विशेष जपावे ते चौथ्या टप्प्याला. ‘दऱ्या’ या शब्दातील जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येते : ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह योजून. अदृश्य चिन्हे म्हणजे केरकचरा असे समजून ती सरसकट काढली, तर दुसऱ्या प्रकारे लिहिलेल्या ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि ‘आचाऱ्यास’ दिलेले जेवण ‘आचार्यास’ पोचते! दोन्ही रूपे मराठीत शुद्धच असल्यामुळे शुद्धलेखन तपासणाऱ्या यंत्रालाही हा दोष दिसत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यांची फलिते शेजारी ठेवली, तरच तो उघडकीस येतो. उपाय सोपा आहे. आधी दुसऱ्या प्रकारचे लेखन पहिल्यात बदलावे, मग उरलेली चिन्हे काढावीत. मूळ पृष्ठे पुन्हा गोळा करावी लागत नाहीत. चौथ्या टप्प्यापासून पुढचे काम तेवढे पुन्हा करावे लागते.

हाच विवेक सिरसाळ्याच्या बाबतीतही हवा. आढळलेले रूप पुसून त्यावर प्रमाण रूप लिहू नये. दोहोंना वेगळे रकाने द्यावेत. सि-शि हा भेद सारणी करणाऱ्याला अडचणीचा वाटला, तरी ध्वनिविचार करणाऱ्याला तोच अभ्यासविषय असतो. व्यवस्था लावण्याच्या भरात पुरावाच नाहीसा झाला, तर त्या सारणीवर उभारलेला कोणताही निष्कर्ष टिकणार नाही.