चेक लाईट आणि खारी हवा

मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडून गेला की रत्नागिरीतल्या गॅरेजांत एक ठरावीक तक्रार घेऊन गाड्या येऊ लागतात. गाडी सुरू होते, चालतेही. पण डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागलाय आणि तो जात नाही. कुणाच्या गाडीत इंजिनाच्या आकृतीचा, कुणाच्या एबीएसचा, तर कुणाच्या एअरबॅगचा. गाडी दहा-पंधरा वर्षांची असते. मालकाला दोनच गोष्टी कळायला हव्या असतात: गाडी रस्त्यात दगा देईल का, आणि खर्च किती येईल?

या दोन्हींची उत्तरं बहुतेक वेळा दिव्याकडून सेन्सरकडे जाणाऱ्या वायरींमध्ये दडलेली असतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांतच, आणि बाराही महिने समुद्रावरून येणारी खारी हवा. अशा हवेत जुन्या गाडीचा महागडा सेन्सर मरण्याआधी त्याला वायर जोडणारा दोन पिनांचा कपलर किंवा अर्थिंगचा बोल्ट गंजलेला असण्याची शक्यता फार मोठी. म्हणून इथे तपासणीचा क्रम पक्का हवा. आधी बॅटरी, अर्थिंग, कपलर आणि वायर. नवा पार्ट सगळ्यात शेवटी.

किल्ली फिरवल्यावर

सेल्फ मारण्याआधी किल्ली ‘ऑन’वर आणली की डॅशबोर्डवरचे बहुतेक दिवे एकदम लागतात. ही दिव्यांची हजेरी असते. इंजिन सुरू झाल्यावर ते एकेक करून विझले पाहिजेत. जुनी गाडी विकत घेणाऱ्यानं हे दोन-तीन सेकंद नीट पाहावेत. चेक इंजिनचा दिवा हजेरीलाच लागला नाही, तर बल्ब गेलाय किंवा कुणीतरी तो मुद्दाम काढलाय, असं समजून पुढचं बोलणं करावं.

रंगांचा अर्थ सोपा आहे. हिरवा आणि निळा नुसती माहिती देतात, पिवळा लवकर तपासून घ्यायला सांगतो आणि लाल दिसला की थांबायचं. तेलाच्या किटलीचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला, तर आंबा घाट असो की मारुती मंदिरचा चौक, गाडी कडेला घेऊन इंजिन तिथल्या तिथे बंद करायचं. तेलाचा दाब गेल्यावर काही मिनिटं जरी इंजिन चाललं, तरी आतले बेअरिंग खलास होऊ शकतात. बॅटरीचा लाल दिवा लागला, तर बहुधा अल्टरनेटर चार्ज करत नसतो किंवा त्याचा पट्टा तुटलेला असतो. गाडी तेव्हा बॅटरीत शिल्लक असलेल्या विजेवर चालते आणि ती संपली की बंद पडते.

चेक इंजिनचा पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट ओढत असेल, तर गॅरेजपर्यंत सावकाश जाता येतं. तोच दिवा मिचकायला लागला तर मात्र इंजिन जोरात मिसिंग करतंय, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाहीये. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या मार्गातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो महागडा भाग जाळून टाकतं. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडून गाडी थांबवणंच शहाणपणाचं.

एबीएसचा पिवळा दिवा एकटा असेल तर साधे ब्रेक लागतात, पण जोरात दाबल्यावर चाकं घसरू शकतात. पावसाळी रस्त्यावर वेग कमी ठेवायचा. त्याच्या जोडीला ब्रेकचा लाल दिवाही लागला तर गाडी हलवू नये.

दिव्यामागची भाषा

चेक इंजिनचा दिवा सक्तीचा झाला तो प्रदूषणाच्या कायद्यामुळे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यानं 1980 च्या दशकाच्या अखेरीस गाड्यांना स्वतःचे बिघाड ओळखण्याची सक्ती केली आणि 1996 पासून संपूर्ण अमेरिकेत नव्या गाड्यांना एकसारखा 16 पिनांचा सॉकेट आणि एकसारखे कोड आले. भारतात भारत स्टेज-4 या प्रदूषणाच्या नियमांबरोबर एप्रिल 2010 पासून बिघाड ओळखण्याच्या या पद्धतीची, म्हणजे ओबीडीची, पहिली पायरी आली आणि एप्रिल 2013 पासून दुसरी, म्हणजे ओबीडी-2. त्यामुळे आज ‘जुनी’ म्हटली जाणारी गाडी नेमकी कुठल्या वर्षाची, याला महत्त्व आहे.

डिसेंबर 1998 मध्ये आलेल्या टाटा इंडिकाच्या डिझेल इंजिनात डिझेलचा पंप यांत्रिक होता. तिच्या पिवळ्या स्प्रिंगच्या दिव्याचं काम ग्लो प्लग तापेपर्यंत थांबायला सांगणं एवढंच. पुढे एमपीएफआय, म्हणजे कम्प्युटरच्या हुकुमानं पेट्रोल सोडणारी यंत्रणा, आलेल्या मारुतीच्या छोट्या गाड्यांत स्कॅनर नसतानाही कोड काढता येई. तपासणीची दोन टर्मिनलं वायरीनं जोडायची आणि चेक इंजिनचा दिवा किती वेळा मिचकतो ते मोजायचं. एकदा, मग थोडं थांबून दोनदा, म्हणजे 12 नंबर: सगळं ठीक. जुन्या मेकॅनिकांना ही मोजणी तोंडपाठ असे.

ओबीडी-2 गाडीत स्टेअरिंगच्या खाली, चालकाच्या गुडघ्याजवळ तो सॉकेट असतो. तिथे स्कॅनर लावला की एक अक्षर आणि चार आकडी कोड मिळतो. पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, सी म्हणजे ब्रेकसारखी चाकांकडची यंत्रणा, बी म्हणजे एअरबॅगसह बॉडीतली उपकरणं आणि यू म्हणजे कम्प्युटरांचं आपसातलं बोलणं. मोबाईलला ब्लूटूथनं जोडले जाणारे स्वस्त स्कॅनरही इंजिनाचे कोड वाचतात. एबीएस आणि एअरबॅगचे कोड मात्र त्यातल्या अनेकांना दिसत नाहीत.

कोड म्हणजे तक्रार कुठल्या सर्किटमधून आली त्याचा पत्ता. घरातला नेमका कोण आजारी आहे, हे त्या पत्त्यावर लिहिलेलं नसतं. कोड ऑक्सिजन सेन्सरचा आला म्हणून सेन्सर बदलला आणि दिवा चार दिवसांनी परत आला, असं म्हणूनच घडतं.

उणे 40 अंशांची रत्नागिरी

समजा, 2013 नंतरची एक छोटी पेट्रोल कार आहे. चेक लाईट लागलीय, ॲव्हरेज पडलंय आणि बोनेटमधला पंखा थंड इंजिनावरही सतत फिरतोय. स्कॅनर पी0118 हा कोड देतो: कूलंटचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त. आता कोड बाजूला ठेवून स्कॅनरवर चालू आकडे पाहायचे. तिथे कूलंटचं तापमान उणे 40 अंश दिसतं. बाहेर घामाच्या धारा लागल्यात आणि कम्प्युटरला वाटतंय आपण सैबेरियात आहोत!

कारण असं. या सेन्सरमधला रोध थंडीत वाढतो आणि उष्णतेनं कमी होतो. सर्किट कुठेतरी तुटलं की रोध अमर्याद होतो आणि कम्प्युटर त्याचा अर्थ ‘प्रचंड थंडी’ असा लावतो. मग तो थंड इंजिनासाठी जादा पेट्रोल देतो आणि सावधगिरी म्हणून पंखा चालू ठेवतो.

पुढची चाचणी बिनखर्चाची. इग्निशन बंद करून सेन्सरचा कपलर काढायचा, त्यातल्या दोन पिना वायरीच्या तुकड्यानं जोडायच्या आणि किल्ली पुन्हा ऑन करायची. स्कॅनरवरचा आकडा उणे 40 वरून झपकन शंभराच्या पुढे गेला, तर कम्प्युटरपर्यंतची वायर शाबूत आहे. दोष सेन्सरमध्ये किंवा कपलरच्या पिनांत. आकडा जागचा हलला नाही, तर नवा सेन्सर आणून उपयोग नाही. वायर मधेच तुटलीय किंवा उंदरानं कुरतडलीय.

त्याच वेळी कपलरच्या आत टॉर्च मारून पाहायचं. कल्हई गेलेलं तांब्याचं भांडं जसं कळकतं, तसा हिरवा थर पिनेवर धरलेला असतो. हा थर सर्किट पूर्ण तोडतोच असं नाही. अशा प्रकारच्या एका नेहमीच्या सेन्सरचा रोध 80 अंशांना साधारण सव्वातीनशे ओहम असतो. कळंकामुळे पावणेतीनशे ओहमची भर पडली की कम्प्युटरला तेच पाणी 60 अंशांचं वाटतं. आकडा अशक्य कोटीतला नसल्यामुळे बऱ्याचदा दिवाही लागत नाही, फक्त पेट्रोल जास्त जळत राहतं. हेडलाईटच्या 12 व्होल्टच्या लाईनीत अशा कळंकामुळे अर्धा व्होल्ट गळला तर प्रकाश जरा मंद होतो. ऑक्सिजन सेन्सरचा सगळा निरोपच एका व्होल्टच्या आत असतो. तिथे अर्ध्या व्होल्टनं अर्थ पार बदलतो.

अर्थिंगचा बोल्ट

एकाच वेळी तीन-चार असंबद्ध दिवे लागले, खिडकीची काच हळू चढली, इंडिकेटर दिला की दुसराच दिवा लुकलुकला, तर एकेका सेन्सरच्या मागे लागू नये. अशा वेळी आधी बॅटरी आणि अर्थिंग. चार्ज झालेली बॅटरी गाडी बंद असताना सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना बहुतेक जुन्या गाड्यांत 13.8 ते 14.5 च्या दरम्यान आकडा हवा.

मग मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला लावून हेडलाईट, पंखा सगळं चालू करायचं. आकडा 0.2 व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंगची वायर किंवा तिचा बोल्ट खराब आहे. बॅटरीखालचा पत्रा इथल्या हवेत फुगतो, सोलवटतो. त्यावरच अर्थिंगचा बोल्ट असेल तर तो बाहेरून घट्ट दिसूनही आतून वीज अडवतो. बॅटरी सोडून, बोल्ट काढून, पत्रा पॉलिश पेपरनं चकचकीत करून, पुन्हा आवळून वर ग्रीस लावायचं. अर्ध्या तासाचं काम.

गंजलेल्या पत्र्याला वेल्डिंग करून घेताना बॅटरीची दोन्ही टोकं आधी सोडायला मेकॅनिकला आठवण करावी. वेल्डिंगचा करंट कम्प्युटरमधून वाट काढतो आणि मग खर्च पत्र्याच्या कितीतरी पट होतो.

गावच्या घरी उभी गाडी

शिमग्याला आणून गणपतीपर्यंत गावी ठेवलेली गाडी हा कोकणातला वेगळाच प्रकार. बंद गाडीतलं घड्याळ, रिमोट लॉक आणि कम्प्युटरची स्मरणशक्ती सतत थोडी वीज घेतात. ती 50 मिलिअँपिअर धरली तरी दिवसाला 1.2 अँपिअर-अवर होते. 35 अँपिअर-अवरची लहान बॅटरी महिन्याभरात पूर्ण रिकामी. सेल्फ त्याच्या कितीतरी आधी मान टाकतो. कमी व्होल्टेजवर इंजिन सुरू करायच्या प्रयत्नात मग खोटे कोडही नोंदले जातात. म्हणून चार्ज केलेल्या बॅटरीवर कोड एकदा पुसून पुन्हा पाहायचे आणि परत येतील तेच खरे धरायचे.

आंब्या-फणसाखाली उभ्या गाडीत सुकलेली पानं पुढच्या काचेच्या तळाशी साचून पाणी जाण्याची भोकं बुजवतात. पाणी मग डॅशबोर्डच्या आतून पायाखालच्या कार्पेटमध्ये उतरतं. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचा कम्प्युटर पुढच्या दोन सीटांच्या मधोमध, फ्लोअरवरच बसवलेला असतो. पावसाळ्यात एअरबॅगचा दिवा लागला तर आधी कार्पेट हातानं दाबून ओल पाहावी. एअरबॅगच्या वायरीला मल्टिमीटर लावायचं धाडस मात्र घरी करू नये. तो माहीतगार माणसानं, बॅटरी सोडून करायचा उद्योग आहे.

22 जुलै 2021 ला चिपळुणात वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा जिल्ह्यानं गाडीत शिरणाऱ्या पाण्याचं सगळ्यात वाईट रूप पाहिलं. पुरात बुडालेल्या गाडीची किल्ली फिरवायची नसते, आधी बॅटरी सोडायची असते. नदीचा बारीक गाळ कपलरांत जाऊन बसतो, ओल धरून ठेवतो आणि धुऊन-वाळवून चालू झालेल्या गाडीतही कित्येक महिन्यांनी बिघाड दाखवू लागतो. पुरात सापडलेली गाडी विकायला आली, तर सीटखालचे कपलर उघडून पिनांवर मातीची रेघ आहे का ते पाहावं.

कोड पुसण्याआधी

‘बॅटरीचं टर्मिनल काढून ठेवा, लाईट जाईल’ हा सल्ला सर्रास मिळतो. लाईट जाते हे खरं, पण पुरावाही जातो. कोड नोंदला गेला त्या क्षणी इंजिनाचा वेग, तापमान, गाडीचा वेग किती होता, याची नोंद ओबीडी-2 गाडीचा कम्प्युटर जपून ठेवतो. टर्मिनल काढलं की ती बहुधा पुसली जाते. पावसात घाट चढताना लागलेला दिवा आणि थंड इंजिनावर सकाळी लागलेला दिवा यांचा शोध वेगवेगळ्या दिशांनी घ्यावा लागतो.

रत्नागिरीच्या, म्हणजे एमएच 08 च्या, कितीतरी खासगी गाड्या आता 15 वर्षांच्या नोंदणीची मुदत संपवून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करत धावताहेत. त्यांच्या ग्लव्ह बॉक्समध्ये एक छोटी वही असावी: दिवा लागल्याची तारीख, पाऊस होता की ऊन, इंजिन गार होतं की गरम, स्कॅनरनं दिलेला कोड आणि त्या दिवशी काय साफ केलं किंवा बदललं. पुढच्या जूनमध्ये तोच दिवा परत लागला, तर मेकॅनिकनं बोनेट उघडण्याआधी ती दोन पानं त्याच्या हातात द्यायची.