तळहातावरची पुळण

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर अनवाणी खेळला जाणारा व्हॉलीबॉल हा एकेका बाजूस दोनच गडी असलेला खेळ होय. १९८९ साली जपानात ‘सीसाइड व्हॉली’ या नावाने आणि पुढे अमेरिकेत ‘मालिबू बीच व्हॉलीबॉल’ या नावाने तो हाती धरावयाच्या एका खेळयंत्रावर अवतरला. हे यंत्र म्हणजे निन्टेन्डो कंपनीचा ‘गेम बॉय’. त्याच्या पडद्यावर आडवे १६० व उभे १४४, म्हणजे अवघे २३,०४० ठिपके मावत. रंग एकच, हिरवट करडा, आणि त्याच्या छटा चार. एवढ्या जागेत समुद्र, वाळू, जाळे, गडी आणि उडता चेंडू बसवावयाचा होता.

स्थिर देखावा आठ बाय आठ ठिपक्यांच्या फरश्या जोडून तयार होतो. हलणाऱ्या वस्तूंसाठी ‘स्प्राइट’ नावाचे सुटे तुकडे असतात. हे तुकडे एका वेळी चाळीसच, आणि कोणत्याही एका आडव्या ओळीत दहाच दिसू शकतात. अकरावा त्या ओळीपुरता गडप होतो. गड्याची आकृती सोळा ठिपके रुंद व बत्तीस उंच धरली, तर आठ बाय सोळाचे चार तुकडे तिला लागतात. सहा-सहा गड्यांच्या नेहमीच्या व्हॉलीबॉलला अठ्ठेचाळीस तुकडे हवेत. ते यंत्रापाशी नाहीतच. चार गड्यांना सोळा पुरतात. चौघे एका ओळीत आले तरी तेथे आठच तुकडे होतात, आणि चेंडू व त्याची सावली मिळून नेमके दहा!

आता चेंडूचे उड्डाण. फेकलेली वस्तू अन्वस्त वक्राने जाते, हे गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सिद्ध केले होते. पण या यंत्राच्या प्रक्रियकाला गुणाकाराची आज्ञाच ठाऊक नाही. सेकंदास सुमारे ४२ लक्ष ठोके पडत असले तरी त्याची भिस्त बेरीज-वजाबाकीवर. सुदैवाने अन्वस्ताला तेवढे पुरते. चेंडूचा वरचा वेग प्रारंभी ८ धरावा आणि प्रत्येक चित्रागणिक त्यातून १ वजा करीत जावे. उंची अनुक्रमे ८, १५, २१, २६, ३०, ३३, ३५, ३६ अशी वाढते, क्षणभर ३६ वरच थबकते आणि त्याच आकड्यांनी उतरू लागते. आडवा वेग मात्र कायम ठेवावयाचा. झाला अन्वस्त! पडद्यावर सेकंदास जवळजवळ साठ चित्रे उमटत असल्यामुळे या आकड्यांचा चेंडू सुमारे पाव सेकंदातच वाळूत पडेल; म्हणून प्रत्यक्षात वेग अपूर्णांकांत ठेवून त्याला रेंगाळविले जाते.

खरी अडचण पुढेच आहे. मैदान तिरप्या कोनातून दाखविले की चेंडूचे स्थान सांगण्यास तीन संख्या लागतात: आडवे अंतर, खोली आणि उंची. पडद्याला दिशा दोनच. दूरवर वाळूलगत असलेला चेंडू आणि जवळ पण उंच असलेला चेंडू एकाच ठिपक्यावर दिसतात. अशा वेळी खेळणाऱ्याने धावावे कोठे? या प्रश्नाचे उत्तर सावली देते. ती रेखाटताना उंची हिशेबात घेत नाहीत. म्हणून चेंडू आणि सावली यांमधील अंतर हीच उंची, आणि सावली ही चेंडूखालची जागा. तरबेज खेळणाऱ्याची नजर म्हणूनच चेंडूपेक्षा सावलीवर अधिक खिळलेली असते.

पडदा द्रवस्फटिकाचा. त्यातील रेणू विद्युत्दाबाने वळतात खरे, पण सावकाश. परिणामी वेगवान चेंडूमागे पुसट शेपूट उमटते. हा दोष खरा. परंतु कार्यक्रम लिहिणाऱ्यांनी त्यालाही कामास लाविले. एखादी आकृती एक चित्र सोडून एक अशी दाखविली की मंद पडद्यावर ती अर्धपारदर्शक भासते. चार छटांच्या यंत्राला जणू पाचवी लाभते.

ज्यांच्या विभागात हे यंत्र घडले ते गुन्पेई योकोई (१९४१–१९९७) जुन्या, स्वस्त आणि पारखलेल्या तंत्राचा नव्या कामी उपयोग करण्याचे पुरस्कर्ते होते. त्याच वर्षी आलेल्या ‘लिंक्स’ या अटारी कंपनीच्या यंत्राला रंगीत, आतून उजळलेला पडदा होता. पण त्याला सहा पेन्सिल-सेल लागत आणि ते काही तासांतच संपत. गेम बॉय चार सेलांवर त्याहून कितीतरी अधिक वेळ चाले, कारण त्याच्या पडद्यामागे दिवाच नव्हता. रात्री अंथरुणात त्यावर काही दिसत नसे. भर दुपारी, उघड्या पुळणीवर मात्र चेंडू आणि त्याची सावली दोन्ही स्वच्छ दिसत.