भविष्यविचाराच्या कार्यशाळांची परीक्षा

भविष्याचा विचार कसा करावा हे शिकवणाऱ्या कार्यशाळा आज अनेक देशांत भरतात आणि ‘युनेस्को’नेही रिल मिलर यांच्या पुढाकाराने ‘भविष्यसाक्षरता’ या नावाने त्यांचा प्रसार केला आहे. मात्र त्यांचे यश पुष्कळदा शेवटच्या सत्रानंतर भरून घेतलेल्या अभिप्राय-अर्जावरून ठरवले जाते, आणि त्या अर्जातून सहभागी व्यक्ती खूश झाली एवढेच कळते. शिवाय शिकल्यावर स्वतःला जोखण्याची पट्टीच बदलते. आधी स्वतःला दहापैकी आठ गुण देणारा मनुष्य विषयाची खोली उमगल्यावर सहाच देतो, तेव्हा कागदावर कार्यशाळेने त्याचे नुकसान केल्यासारखे दिसते.

मोजमापात तुलना कशाशी करायची, हा प्रश्न १८८४ मध्येच लख्खपणे पुढे आला होता. अमेरिकी लष्कराच्या सिग्नल कोअरमधील जॉन फिनले यांनी टोर्नेडोविषयी वर्तवलेल्या २,८०३ अंदाजांपैकी २,७०८ बरोबर ठरले, म्हणजे अचूकता ९६.६ टक्के झाली. पण प्रत्यक्षात टोर्नेडो आले फक्त ५१, त्यामुळे दरवेळी ‘टोर्नेडो येणार नाही’ एवढेच म्हणणाऱ्यालाही ९८.२ टक्के यश मिळाले असते. ही उणीव त्याच वर्षी दाखवणारे भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांचे ऋण मूल्यमापनाच्या चर्चेत क्वचितच मानले जाते, याची खंत वाटावी.

पुढे १९५० मध्ये हवामानतज्ज्ञ ग्लेन ब्रायर यांनी, वर्तवलेली शक्यता आणि घडलेली गोष्ट (घडल्यास १, न घडल्यास ०) यांतील फरकाचा वर्ग घेण्याची रीत मांडली. तिच्यात कमी गुण म्हणजे सरस अंदाज. अमेरिकी गुप्तचर यंत्रणेच्या संशोधन विभागाने २०११ मध्ये सुरू केलेल्या अंदाज वर्तवण्याच्या स्पर्धेत फिलिप टेटलॉक आणि बार्बरा मेलर्स यांच्या गटाने याच मापाचा आधार घेतला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडलेल्या काही सहभागींना सुमारे तासाभराचे प्रशिक्षण दिले गेले, आणि अप्रशिक्षितांच्या तुलनेत त्यांचे अंदाज वर्षभर साधारण १० टक्क्यांनी सरस राहिले.

कल्पनाशक्तीला चालना देणाऱ्या कार्यशाळांना हे माप जसेच्या तसे लावता येणार नाही, हा त्यांच्या समर्थकांचा आक्षेप रास्त आहे, कारण तिथे अनेक संभाव्य भविष्ये रंगवणे हाच हेतू असतो; तरीही तेवढाच वेळ दुसऱ्या एखाद्या विषयावर चर्चा केलेला गट तुलनेला ठेवून, सहा महिन्यांनी दोन्ही गटांना एकच नवा प्रश्न देता येतो आणि कोणते उत्तर कोणत्या गटाचे हे ठाऊक नसलेल्या परीक्षकांकडून ती उत्तरे तपासून घेता येतात.