प्रोसेसर सिम्युलेटरमधील रिग्रेशन चाचणी

सॉफ्टवेअरमध्ये बदल केल्यानंतर पूर्वी बरोबर चालणारा एखादा भाग बिघडला नाही ना, हे पाहण्यासाठी पुन्हा पुन्हा घेतल्या जाणाऱ्या तपासणीस रिग्रेशन चाचणी असे म्हणतात. प्रोसेसर सिम्युलेटर म्हणजे एका संगणकावर दुसऱ्याच प्रोसेसरचे वर्तन घडवून दाखविणारे सॉफ्टवेअर होय. मुक्तस्रोत सिम्युलेटरमध्ये नव्या प्रोसेसर-रचनेची भर घालताना तिच्या रिग्रेशन चाचण्याही सोबत जोडणे आवश्यक मानले जाते.

पार्श्वभूमी

प्रत्येक प्रोसेसर ठरावीक आज्ञाच ओळखतो. या आज्ञा व त्यांचे नियम यांना मिळून आज्ञासंच म्हणतात. एक्स-८६, आर्म, स्पार्क आणि रिस्क-फाइव्ह हे प्रमुख आज्ञासंच आहेत. प्रत्यक्ष चिप हाती येण्यापूर्वी तिच्यासाठी लागणारे कंपायलर व कार्यप्रणाली सिम्युलेटरवर तपासल्या जातात. फाब्रिस बेलार यांनी सुरू केलेला क्यूएमू २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१८ मधील २.१२ या आवृत्तीत त्यात रिस्क-फाइव्हचा समावेश झाला. संशोधनात वापरला जाणारा जेम-५ हा सिम्युलेटर एम-५ आणि जेम्स या दोन प्रकल्पांच्या एकत्रीकरणातून निर्माण झाला.

आवश्यकता

अशा प्रकल्पांत अनेक आज्ञासंचांसाठी काही भाग सामाईक असतो. आर्मसाठी त्या भागात केलेली दुरुस्ती रिस्क-फाइव्हला बाधू शकते आणि दुरुस्ती करणाऱ्यास ते कळणारही नाही. ही चूक बहुधा मूकपणे घडते : प्रोग्राम थांबत नाही, केवळ उत्तर चुकते. सिम्युलेटर हे मोजपट्टीसारखे असते. पट्टीच चुकीची असेल, तर तिने केलेले प्रत्येक मोजमाप चुकते.

शून्याने भागाकार हे याचे बोलके उदाहरण होय. एक्स-८६ आणि स्पार्क व्ही-८ मध्ये अशा वेळी प्रोसेसर अपवादस्थिती उत्पन्न करतो. ६४ बिटांच्या आर्ममध्ये उत्तर शून्य येते. रिस्क-फाइव्हमध्ये उत्तराचे सर्व बिट १ होतात आणि बाकी म्हणून भाज्य संख्याच मिळते. रिस्क-फाइव्हचा भागाकार सिम्युलेटरमध्ये सी भाषेतील साध्या भागाकाराने लिहिला आणि तो एक्स-८६ संगणकावर चालविला, तर शून्य भाजक येताच सिम्युलेटर स्वतःच बंद पडू शकतो.

चाचण्यांची रचना

चाचण्या सामान्यतः तीन पातळ्यांवर असतात : एकेका आज्ञेची तपासणी, लहान पूर्ण प्रोग्राम आणि संपूर्ण कार्यप्रणाली सुरू करून पाहणे. जेम-५ मध्ये कालावधीनुसार चाचण्यांचे जलद, दीर्घ व अतिदीर्घ असे वर्ग केलेले आहेत. प्रत्येक बदलाच्या वेळी जलद चाचण्या घेता येतात.

रिस्क-फाइव्हच्या प्रचलित चाचणीसंचातील प्रोग्राम स्वतःच आपले उत्तर पडताळतात आणि चूक आढळल्यास कितवे उपप्रकरण चुकले तो क्रमांक कळवितात. अपेक्षित उत्तर आज्ञासंचाच्या अधिकृत विनिर्देशातून घेणे अगत्याचे असते. सिम्युलेटरने आज दिलेले उत्तरच प्रमाण म्हणून नोंदविले, तर त्यातील चूकही प्रमाण ठरते आणि पुढे ती सुधारणाराच दोषी दिसतो. एखादी चूक सापडल्यास प्रथम ती उघड करणारी चाचणी लिहावी, नंतर दुरुस्ती करावी आणि चाचणी कायम ठेवावी, असा संकेत आहे.

महाराष्ट्रातील उदाहरण : अजित

मुंबईतील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. माधव देसाई यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेला 'अजित' हा प्रोसेसर स्पार्क व्ही-८ या ३२ बिटांच्या आज्ञासंचावर आधारित आहे. त्याची माहिती २०१९ मध्ये सर्वांसमोर आली.

स्पार्कच्या सिम्युलेटरसाठी कोणत्या चाचण्या लागतात, हे त्याच्या 'विलंबित उडी'वरून स्पष्ट होते. या आज्ञासंचात उडीच्या आज्ञेलगतची पुढची आज्ञा उडी घेण्यापूर्वीच पार पडते. मात्र सशर्त उडीत 'रद्द' बिट १ असेल आणि उडी घेतली गेली नाही, तर ती आज्ञा वगळली जाते. म्हणून उडी घेतली किंवा न घेतली आणि बिट ० किंवा १, अशी चार प्रकरणे तपासावी लागतात. लगतच्या आज्ञेने एखाद्या रजिस्टरमध्ये १ मिळविला, तर चारही प्रकरणांनंतर त्यात ३ ची वाढ दिसली पाहिजे. ४ आल्यास रद्द-नियम पाळला गेलेला नाही. परंतु भलतेच प्रकरण वगळले गेले तरीही बेरीज ३ च येते. त्यामुळे प्रत्येक प्रकरणाचे उत्तर स्वतंत्रपणे पडताळणे इष्ट असते. बिनशर्त उडीत हाच बिट १ असताना पुढची आज्ञा नेहमी वगळली जाते, म्हणून तिच्यासाठी पाचवी चाचणी लागते.

मर्यादा

सर्व चाचण्या उत्तीर्ण होणे म्हणजे सिम्युलेटर निर्दोष असणे नव्हे. ज्या प्रकरणाचा विचारच झाला नाही, त्याविषयी चाचणी मौन पाळते. विनिर्देशाचा अर्थ चुकीचा लावल्यास चाचणीही चुकते. तसेच उत्तर बरोबर आले तरी प्रोसेसरला लागणाऱ्या वेळेचा अंदाज बरोबर असेलच असे नाही. त्याची पडताळणी प्रत्यक्ष चिपशी तुलना करून वेगळी करावी लागते.