डबाबंदी कारखान्याची जुनी वास्तू आणि तिचा पुनरुपयोग

हिंगोली जिल्ह्यात हळदीची काढणी झाली की शिजवणे, वाळवणे व पॉलिश करणे ह्यांची धांदल उडते. उन्हाळा सरला की त्याच कामासाठी बांधलेल्या शेडला पुष्कळदा काम उरत नाही. कर्जाचे हप्ते मात्र बारमाही असतात. शेड बांधू इच्छिणाऱ्या शेतकरी बंधूंना अमेरिकेतील मॉन्टेरे ह्या समुद्रकाठच्या गावची पुढील हकीकत उपयोगी पडावी. तेथील माल मासळीचा होता, परंतु प्रश्न आपलाच आहे.

नॉर्वेहून आलेले क्नूट हॉव्डेन ह्यांनी १९१६ साली तेथे डबाबंदीचा कारखाना काढला. आपल्या कोकणातील तारलीच्या जातकुळीचा सार्डिन मासा डब्यात भरून, डबा हवाबंद करून वाफेच्या दाबाखाली तापवीत. त्यामुळे जंतू मरून माल टिके. बोटी आल्या की कारखान्याचा भोंगा वाजे आणि कामगार अपरात्रीही धावत. पुढे डब्यांपेक्षा मासळीच्या भुकटीत अधिक पैसा दिसू लागला. कोंबड्यांचे खाद्य आणि शेताचे खत म्हणून ती खपे. म्हणजे ह्या नाशात शेतीचाही वाटा होता! शास्त्रज्ञांनी इशारे दिले, पण मासेमारी आवरली नाही. त्यात समुद्राच्या तापमानातील चढउतारांची भर पडली. १९४५ नंतर अल्पावधीतच मासा दिसेनासा झाला आणि एकामागून एक कारखाने बंद पडले. हॉव्डेन ह्यांचा कारखाना सर्वांत शेवटी, १९७३ साली बंद झाला.

यंत्रसामग्री उत्तम होती. आटला तो कच्चा माल.

ही जागा शेजारच्या सागरी संशोधन केंद्राच्या हितासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९६७ सालीच घेऊन ठेवली होती. २० ऑक्टोबर १९८४ रोजी तेथे मोठे मत्स्यालय सुरू झाले. जुन्या इमारतीचा बराच भाग जीर्ण झाल्यामुळे पाडावा लागला. बाष्पकांची जागा मात्र राखली असून ते बाष्पक आज पाहुण्यांना दाखविले जातात. पॅकार्ड कुटुंबाने ह्या कामी सुमारे साडेपाच कोटी डॉलर दिले. एवढा दाता आपल्या गावी मिळणार नाही, हे उघडच आहे!

म्हणून गावातील जुनी शेड घेताना प्रथम पाया, खांब, छत व सांडपाण्याची वाट तपासावी. पूर्वी तेथे खते वा कीटकनाशके साठविली असल्यास खाद्यपदार्थांसाठी ती शेड घेऊ नये. ॲस्बेस्टॉसचे पत्रे स्वतः फोडू नयेत. त्यांची धूळ फुप्फुसास घातक असते. अन्नप्रक्रियेसाठी २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार नोंदणी वा परवाना लागतो, त्याची चौकशी पैसे गुंतविण्यापूर्वीच करावी.

नवी शेड बांधणाऱ्यांनी खांब कडेला घेऊन मधला भाग मोकळा ठेवावा. म्हणजे दिवाळीच्या सुमारास तेथे सोयाबीनची चाळणी व प्रतवारी करता येईल, आणि हळदीचा हंगाम येताच पॉलिशचे ड्रम पुन्हा जागेवर बसविता येतील.